चित्रपट नसलेले चित्रपटसंगीत कसे ऐकावे

आयुष्याची तीस-चाळीस वर्षे चित्रपटांना संगीत देण्यात घालवलेला, जॅझ, रॉक, इलेक्ट्रॉनिक, लोकसंगीत अशा अनेक प्रवाहांत वावरलेला एखादा ज्येष्ठ संगीतकार कोणत्याही चित्रपटाशी संबंध नसलेला नवा अल्बम प्रसिद्ध करतो, तेव्हा हे नेमके काय समजून ऐकायचे, हाच प्रश्न ऐकणाऱ्यापुढे प्रथम उभा राहतो. गाणी समजून ऐकावे तर मुखडा आणि अंतरा हाती लागत नाही. पार्श्वसंगीत समजावे तर समोर पडदा नाही. आणि सिंफनीसारखे ऐकू लागावे तर चौथ्या मिनिटाला बेस गिटार आणि ड्रम्स येऊन सगळा हिशेब मोडून टाकतात. मग बहुतेक जण ‘वातावरण छान उभे केले आहे’ असे म्हणून अल्बम बाजूला ठेवतात किंवा दुसरे काही काम करताना मागे लावून देतात. असा अल्बम किमान तीन वेळा आणि तिन्ही वेळा वेगळ्या रीतीने ऐकावा, असे मी सुचवेन. त्या रीती कोणत्या, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

मराठीत गाण्याविषयी बोलताना आपण ‘जागा’ हा शब्द वापरतो. गायकाने एखाद्या ओळीत घेतलेली नेमकी हरकत, मुरकी किंवा सुरावरचा क्षणभराचा ठेहराव म्हणजे जागा, आणि जाणकार श्रोता त्या जागेची वाट पाहत बसलेला असतो. चित्रपट-संगीतकाराच्या कामात मात्र याच शब्दाचा दुसरा, साधा अर्थ महत्त्वाचा ठरतो. त्याने भरलेल्या जागांइतक्याच त्याने मोकळ्या सोडलेल्या जागाही मोलाच्या असतात, कारण तेथे संवाद यायचा असतो, पाऊल वाजायचे असते, एखाद्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबायचा असतो. ही सवय हातात मुरलेला माणूस पडद्याविना रचना करू लागतो, तेव्हा त्या मोकळ्या जागांचे तो काय करतो? त्या भरून टाकतो, तशाच ठेवतो, की त्यांनाच रचनेचा विषय बनवतो? माझ्या मते अशा अल्बमविषयी विचारण्यासारखा मुख्य प्रश्न हाच आहे, आणि पुढची सारी पद्धत त्याच्याभोवती बेतलेली आहे.

लावण्यापूर्वी

स्ट्रीमिंग ॲपवर ऐकणार असाल तर आधी सेटिंग पाहून घ्यावे. शफल बंद असावे हे वेगळे सांगायला नको. एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यावर चढवणारी क्रॉसफेडची सोयही बंद असावी, कारण अशा अल्बममध्ये दोन ट्रॅकांमधली दोन-तीन सेकंदांची शांतता पुष्कळदा मोजून ठेवलेली असते. याउलट काही रचना एकमेकींत न तुटता वाहत जातात, म्हणून खंड न पाडता वाजवण्याची सोय, म्हणजे गॅपलेस, चालू ठेवावी. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणाऱ्या सोयीबाबत थोडे बारकाईने पाहावे लागते. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये संगीत सुमारे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) या पातळीला आणते, आणि अल्बम सलग वाजत असेल तर सर्व ट्रॅकांना एकच बदल लावते, त्यामुळे त्यांचे आपसांतले चढउतार टिकतात. तेथेच ‘लाउड’ हा पर्याय निवडला, तर मात्र आवाजाची शिखरे दाबणारा लिमिटर मध्ये येतो आणि हळू भाग व मोठा भाग यांतले अंतर दबते. चित्रपटासाठी काम केलेल्या माणसाच्या संगीतात हे अंतर हेच अर्धे कथन असते, तेव्हा हा पर्याय टाळावा.

पहिल्या वेळी शक्य असल्यास स्पीकरवर ऐकावे आणि हेडफोन दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवावा. अल्बम डॉल्बी ॲटमॉस (श्रोत्याच्या चहूबाजूंनी ध्वनी मांडणारी पद्धत) आणि स्टिरिओ अशा दोन्ही रूपांत उपलब्ध असेल, तर आधी स्टिरिओ घ्यावा. साध्या हेडफोनवर ॲटमॉसचे जे रूप पोहोचते ते अखेर दोन कानांसाठी पुन्हा हिशेब करून बनवलेले असते, आणि त्यात खोलीचा आभास वाढला तरी वाद्यांची धार कधी कधी बोथट होते. आवाज एकदा ठरवावा आणि मग बटणाला हात लावू नये. संगीतकाराने मुद्दाम हळू ठेवलेला भाग आपण वाढवून ऐकला, तर त्याने विचारपूर्वक केलेली एक निवड आपण पुसून टाकतो.

या पिढीतल्या संगीतकारांची जडणघडण बहुधा एलपीच्या काळात झालेली असते, आणि त्याची खूण आजच्या डिजिटल अल्बमच्या रचनेतही सापडते. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे वीस ते बावीस मिनिटांचे संगीत चांगल्या दर्जात बसते. सुई मध्याकडे सरकू लागली की एका फेऱ्यात तिच्याखालून जाणाऱ्या खाचेची लांबी कमी होत जाते, वरच्या पट्टीतले सूर नीट उमटत नाहीत, म्हणून बाजूच्या शेवटी शांत, कमी झगमगाटाची रचना ठेवण्याची पद्धत पडली. अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा असेल तर विसाव्या मिनिटाच्या आसपास असा एखादा उतार आणि त्यापाठोपाठ नवी सुरुवात आहे का, हे पाहावे. असल्यास तेथे पाच मिनिटे थांबावे. ॲप थांबणार नाही, आपण थांबावे.

शेवटची तयारी म्हणजे काही गोष्टी न वाचणे. प्रसिद्धिपत्रक, मुलाखत, इतरांचे परीक्षण, आणि जमल्यास ट्रॅकांची नावेसुद्धा पहिल्या वेळी पाहू नयेत. नाव हे चित्राचे काम करते: ‘रात्रीचा पूल’ असे नाव वाचले की पूल दिसू लागतो, आणि तो सुरांनी उभा केला की शब्दांनी, हे मग सांगता येत नाही. जपानी संगीतकार रियुइची साकामोतो यांनी १७ जानेवारी २०२३ रोजी, आपल्या एकाहत्तराव्या वाढदिवशी, जो अल्बम प्रसिद्ध केला, त्याचे नाव ‘१२’ आहे आणि त्यातल्या जवळजवळ सर्व रचनांना त्या त्या तारखांखेरीज नावेच नाहीत. ‘द लास्ट एम्परर’च्या संगीतासाठी १९८८ मध्ये ऑस्करचे सहमानकरी ठरलेल्या संगीतकाराने श्रोत्याच्या हाती तयार चित्र द्यायचे नाकारले, ही गोष्ट त्या अल्बमविषयी बरेच काही सांगून जाते.

पहिले ऐकणे

याला फार सूचना लागत नाहीत. सलग ऐकावे, काही लिहू नये, मध्ये उठू नये. संपल्यावर लगेच एका कागदावर फक्त दोन गोष्टी लिहाव्यात: आपले लक्ष कोठे सुटले, आणि कोठे आपोआप परत आले. नेमका वेळ आठवला नाही तरी ‘तिसरी रचना, व्हायोलिनी थांबल्यानंतर’ एवढे पुरते. आवडले की नाही हे या टप्प्यावर लिहू नये. लक्ष सुटणे हा श्रोत्याचा दोष नसतो आणि रचनेचाही नसतो. पार्श्वसंगीताचे कसबच असे आहे की ते ऐकणाऱ्याच्या लक्षाला दुसरीकडे, म्हणजे पडद्याकडे, वळवून देते. पडदा नसताना ते लक्ष कोठे गेले, याची नोंद दुसऱ्या वेळी फार उपयोगी पडते.

दुसरे ऐकणे: सवयी ओळखणे

आता हेडफोन, कागद आणि वेळ दाखवणारा पडदा समोर घेऊन बसावे. या वेळी चित्रपटाच्या कामातून आलेल्या सवयी ओळखायच्या आहेत, आणि त्यासाठी ते काम कसे चालते हे थोडे माहीत असावे लागते. चित्रपटाचे संकलन झाल्यावर दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून कोणत्या क्षणी संगीत सुरू व्हावे आणि कोणत्या क्षणी थांबावे हे ठरवतात. प्रत्येक तुकडा, म्हणजे क्यू, पुष्कळदा एक-दोन मिनिटांचाच असतो, आणि दार उघडणे, नजर वळणे, गोळी सुटणे अशा ठराविक क्षणांना तो अचूक गाठावा लागतो. यासाठी वादकांच्या कानात क्लिक ट्रॅक वाजतो. चित्रपट सेकंदाला चोवीस फ्रेम या गतीने चालत असल्यामुळे पूर्वीपासून ही लय फ्रेममध्ये मोजली गेली: दर बारा फ्रेमला एक टिचकी म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. अशा कामात लय ही संगीताच्या पोटातून येत नाही, ती दृश्याकडून ठरून येते. चित्राला गाठण्यासाठी मध्येच एखादी मात्रा वाढवणे वा गाळणे हे तेथे रोजचे काम असते.

म्हणून अल्बम ऐकताना अशा जागा टिपाव्यात, जेथे संगीत कारण न देता अचानक वळते. एखादा ठेका तीन आवर्तने नीट चालून चौथ्यात अर्धवट तुटला, सगळी वाद्ये एका झटक्यात थांबली आणि केवळ खर्जातला एक सूर उरला, तर स्वतःला विचारावे की येथे काय ‘घडले’. जुन्या सवयीने, नसलेल्या दृश्याला गाठण्यासाठी हे वळण आले असेल तर ते उपरे वाटते. उलट ते वळण पुढच्या रचनेत पुन्हा, थोड्या वेगळ्या रूपात भेटले, तर ती सवय उरलेली नसून रचनेचा कणा झालेली आहे, असे समजावे. हा फरक पहिल्या खेपेला कळत नाही, कारण तेव्हा दोन्ही सारखेच आकर्षक वाटतात.

दुसरी सवय सुरांच्या उंचीची. माणसाचे बोलणे स्पष्ट कळण्यासाठी साधारण एक ते चार किलोहर्ट्‌झ या पट्ट्यातला ध्वनी महत्त्वाचा असतो, कारण बहुतेक व्यंजनांची धार तेथे असते. संवादाखाली वाजणारे संगीत लिहिणारा संगीतकार त्या पट्ट्यात ठसठशीत चाल सहसा ठेवत नाही. खाली चेलो, बेस, खर्जातला सिंथेसायझर आणि वर कोठे तरी पातळ, न हलणारे व्हायोलिनचे सूर, अशी मांडणी करून मध्यभाग तो बोलणाऱ्यासाठी राखतो. नव्या अल्बममध्ये हा मध्यभाग कोणाला मिळाला आहे, हे फार लक्ष देऊन ऐकावे. कधी तेथे स्वतः संगीतकाराचा, वयाने खरखरीत झालेला आवाज येतो. कधी ट्रंपेट किंवा क्लॅरिनेटसारखे, माणसाच्या गळ्याशी नाते सांगणारे वाद्य येते. कधी रेडिओवरचे तुटक बोलणे. आणि कधी कोणीच येत नाही. कोणीच येत नसेल, तर त्या रिकामेपणाभोवती काय बदलते ते पाहावे. खालचा सूर जराही न हलता तीन मिनिटे तसाच राहिला आणि वरचा घुमारा मात्र हळूहळू कोरडा होत गेला, तर आपण एका मोठ्या दालनातून लहान खोलीत आणले गेलो आहोत. चित्रपटात हे काम कॅमेरा करतो.

तिसरी सवय शेवटाची. पार्श्वसंगीत बहुधा संपत नाही, ते विरते, कारण पुढचे दृश्य सुरू झालेले असते. स्वतंत्र रचनेला मात्र शेवट द्यावा लागतो. अल्बममधल्या प्रत्येक रचनेचा शेवटचा अर्धा मिनिट वेगळा काढून ऐकावा आणि ती विरली, तुटली की पोहोचली, एवढाच एक शब्द लिहावा. दहापैकी नऊ रचना विरत असतील तर संगीतकार अजून दिग्दर्शकाची वाट पाहतो आहे, असे मी म्हणेन. हे जरा कडक वाटेल, पण नामवंत माणसाच्या अल्बमचा कंटाळा का आला, हे समजून घ्यायला माझ्या अनुभवात ही कसोटी सर्वांत उपयोगी पडली आहे.

चित्रपटातले संगीत आणि अल्बममधले संगीत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, याचे ग्रीक संगीतकार वँगेलिस यांच्याइतके स्पष्ट उदाहरण क्वचित मिळेल. ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट १९८२ साली आला, पण त्यांनी स्वतः बांधलेला त्याचा अधिकृत अल्बम १९९४ साली, बारा वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्यात चित्रपटातले संवाद संगीतात विणलेले आहेत आणि क्रम चित्रपटाच्या क्रमाशी बांधलेला नाही. म्हणजे पडद्यासमोर बसून वाजवणाऱ्या या संगीतकाराने पडदा काढून घेतल्यावर ती मोकळी जागा पडद्यावरच्याच माणसांच्या आवाजाने भरली. ही निवड योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतात. मला ती पटते, कारण तेथे संवाद माहिती देण्यासाठी येत नाहीत, एखाद्या वाद्यासारखे येतात.

अनेक प्रवाह: सजावट की व्याकरण

असे अल्बम ‘कोणत्याही चौकटीत न बसणारे’ म्हणून गौरवले जातात, आणि येथे श्रोत्याने सावध राहावे. चित्रपटाच्या धंद्यात वेगवेगळ्या संगीतांचे पेहराव झटपट चढवता येणे हे आवश्यक कौशल्य आहे: दृश्य वाळवंटातले आले की एक पेहराव, जुगाराच्या अड्ड्यातले आले की दुसरा. हे कौशल्य अल्बममध्येही उतरू शकते, आणि मग दहा रचनांत दहा देशांचा नमुना मिळतो. पेहराव आणि बोली यांतला फरक ओळखण्यासाठी मी एक साधी चाचणी करतो. जे वाद्य ‘परक्या’ प्रवाहातून आले आहे ते मनातल्या मनात काढून टाकायचे आणि उरलेले संगीत जसेच्या तसे चालू शकते का ते पाहायचे. सतार काढली आणि खालची कॉर्डची मालिका, ठेका, रचनेची लांबी यांना काहीच धक्का बसला नाही, तर सतार तेथे दागिना म्हणून होती. ती काढताच सूर ठरण्याची रीत, आलापासारखे रेंगाळणे, समेवर येण्याची ओढ हे सगळे कोसळले, तर त्या प्रवाहाचे व्याकरण रचनेने घेतलेले आहे.

अमेरिकन गिटारवादक राय कूडर आणि विश्वमोहन भट्ट यांनी मिळून केलेला, १९९३ साली आलेला ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम या चाचणीसाठी उत्तम सराव आहे. कूडर यांनी तोवर अनेक चित्रपटांना संगीत दिले होते, आणि ‘पॅरिस, टेक्सास’ या १९८४च्या चित्रपटातली त्यांची एकाकी स्लाइड गिटार सर्वांना ठाऊक होती. भट्ट यांची मोहनवीणा म्हणजे तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा चढवलेली, मांडीवर आडवी घेऊन कांबीने वाजवली जाणारी गिटार. दोघेही सुरावरून सुरावर कांबीने घसरत जातात. एकाच्या परंपरेत ती ब्लूजमधली स्लाइड आहे, दुसऱ्याच्या परंपरेत ती मींड आहे. त्यामुळे येथे पूर्वेची वाद्ये आणि पश्चिमेची वाद्ये शेजारी बसवलेली नाहीत, तर एकाच हालचालीचे दोन अर्थ समोरासमोर आले आहेत. कूडर काढले तर भट्टांचे वादन पूर्ण राहील, पण भट्ट ज्या ठिकाणी थबकतात, तेथे ते का थबकले हे कळणार नाही.

इळैयराजा यांनी १९८६ साली कर्नाटक संगीतातले त्यागराज आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतातले बाख या दोघांना अर्पण केलेल्या आपल्या अल्बमचे नावच ‘हाऊ टू नेम इट?’ असे ठेवले, आणि प्रवाहांच्या नावांविषयीच्या चर्चेला तेवढे उत्तर पुरेसे आहे. त्यात ऐकण्यासारखी गोष्ट अशी की, कर्नाटक संगीताची चाल एकाच ओळीने पुढे जाते आणि बाखच्या रचनेत अनेक ओळी एकाच वेळी चालतात; या दोहोंची तडजोड केवळ व्हायोलिनच्या स्वरावर भागत नाही, ती मांडणीतच करावी लागते. रोज चित्रपटगीतांसाठी वाद्यमेळ लिहिणाऱ्या माणसाला ती सवयीने जमत होती. प्रवाह ओलांडण्याची क्षमता चित्रपटातूनच आली, पण चित्रपटात तिला दोन-तीन मिनिटांपलीकडे मोकळीक नव्हती, असे अनेक ज्येष्ठांच्या बाबतीत दिसते. क्वचित उलटेही असते. इटालियन संगीतकार एन्नियो मोरिकोने चित्रपटांत गाजत होते त्याच काळात रोममधल्या एका गटात ट्रंपेट हाती घेऊन पूर्णपणे मुक्त, आधी काहीही न ठरवता केलेले वादन करत होते. त्यांच्या पार्श्वसंगीतातले शिट्टीचे, किंचाळणारे, खरवडणारे आवाज ज्यांना केवळ गंमत वाटतात, त्यांनी ही दुसरी बाजू जरूर ऐकावी.

डोळ्यांपुढे येणारी चित्रे

ऐकताना चित्रे दिसतात; ती दाबून टाकायचे कारण नाही, पण त्यांची चौकशी करावी. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांच्या १९७८च्या ‘म्युझिक फॉर फिल्म्स’ या संग्रहात प्रत्यक्षात नसलेल्या चित्रपटांचे संगीत म्हणून मांडलेले तुकडे आहेत, आणि मॅगझीन व बॅड सीड्स या वाद्यवृंदांत बेस गिटार वाजवलेल्या बॅरी ॲडमसन यांनी १९८९ साली आपला पहिला स्वतंत्र अल्बम एका न बनलेल्या गुन्हेपटाचे संगीत म्हणूनच रचला. पुढे त्यांना खऱ्या चित्रपटांची कामे मिळाली, हे ओघानेच आले. अशा रचना श्रोत्याला दिग्दर्शक बनवतात. मात्र बहुतेकदा आपण फार वाईट दिग्दर्शक असतो: घुमाऱ्यात बुडालेला सॅक्सोफोन ऐकला की ओला रस्ता आणि दिव्याचा खांब, खर्जातले व्हायोलिन ऐकले की दार हळूच उघडणारा हात. ही चित्रे समोरच्या संगीतातून आलेली नसतात, आधी पाहिलेल्या शंभर चित्रपटांतून आलेली असतात.

यावर उपाय म्हणून एका रचनेपुरते असे करावे. दिसलेले दृश्य दोन वाक्यांत लिहावे, आणि त्याच्या प्रत्येक तपशिलासमोर तो कोणत्या आवाजातून आला ते लिहावे. ‘रात्र’ कशातून आली? ‘कोणी तरी पाठलाग करते आहे’ हे कशातून कळले? उत्तर ‘एकच चार सुरांचा समूह न थांबता फिरत होता आणि बेस दर फेरीला थोडा आधी येत होता’ असे असेल तर चित्र कमावलेले आहे. उत्तर देता आले नाही तर ते चित्र खोडावे आणि रचना पुन्हा लावावी. दुसऱ्या वेळी बहुधा तेथे काही तरी वेगळे, कमी ठळक आणि अधिक नेमके दिसते. किंवा काहीच दिसत नाही आणि केवळ आवाज ऐकू येतो, जे अधिक चांगले.

पूर्वीचे काम किती आठवावे

ज्येष्ठाच्या नव्या अल्बमची तुलना त्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाशी करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे. ते गाजलेले संगीत आपण त्या कथेसकट, त्या चेहऱ्यांसकट आणि ते प्रथम पाहिले तेव्हाच्या आपल्या वयासकट आठवत असतो. एकट्या सुरांनी त्या साऱ्याशी सामना करावा ही अपेक्षाच चुकीची आहे. तुलना करायचीच तर दुसऱ्या ऐकण्यानंतर, आणि ती त्याच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमशी व अलीकडच्या स्वतंत्र अल्बमशी करावी. पाहायचे ते एवढेच की कोणती गोष्ट त्याने सोडून दिली आहे. वय वाढते तसे अनेकांच्या संगीतातले सूर कमी होतात, पण कमी होणे दोन प्रकारचे असते: एकात हात थकलेला असतो, दुसऱ्यात कान अधिक चोखंदळ झालेला असतो. पहिल्या प्रकारात राहिलेले सूर जुनेच, सवयीचे असतात. दुसऱ्यात राहिलेल्या प्रत्येक सुराचा पोत बदललेला असतो.

साकामोतो यांचाच २०१७ सालचा ‘अेसिंक’ (म्हणजे एकमेकांशी न जुळलेले) हा अल्बम घेता येईल. घशाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर आलेला हा अल्बम त्यांनी रशियन दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्की यांच्या एखाद्या कल्पित चित्रपटाचे संगीत म्हणून मनाशी धरला होता. त्यात २०११च्या त्सुनामीच्या पाण्यात बुडालेला, सुरातून उतरलेला एक पियानो वाजतो. सुरेल चालींसाठी ओळखल्या गेलेल्या माणसाने तो पियानो दुरुस्त न करता तसाच वाजवला, आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या लयी शेजारी ठेवल्या. क्लिक ट्रॅकवर अर्धे आयुष्य काढलेल्या संगीतकाराने ‘न जुळणे’ हाच विषय निवडला, ही बाब जुनी कामे माहीत असलेल्यालाच पूर्ण उमगते, आणि पूर्वीचे काम आठवण्याचा खरा उपयोग तेथे होतो. पुढच्या ‘१२’मध्ये तर पियानोमागे त्यांचा श्वासही ऐकू येतो. तो ध्वनिमुद्रणातून काढून टाकता आला असता.

श्रेयनामावली आता वाचावी. कोणती वाद्ये माणसांनी वाजवली आणि कोणती सॅम्पल (आधी मुद्रित करून ठेवलेल्या आवाजांचे तुकडे) आहेत, संयोजन संगीतकाराचे स्वतःचे आहे की दुसऱ्याचे, मिक्स कोणी केले, हे पाहावे. व्हायोलिनींचा समूह खरा आहे का हे कानानेही बऱ्यापैकी ओळखता येते: लांब सुरावर गज वळताना येणारी किंचित असमानता, सगळ्या वादकांचा सूर एकाच क्षणी न लागणे, या खऱ्या समूहाच्या खुणा आहेत. सॅम्पल असणे हा दोष नव्हे, परंतु त्यांच्याकडून खऱ्या वादकांची नक्कल करून घेतली आहे की त्यांचा कृत्रिमपणा उघड ठेवला आहे, याची नोंद घ्यावी.

तिसरे ऐकणे

मध्ये किमान आठवडा जाऊ द्यावा. मग अंधारात, अगदी लहान आवाजात, शेजारच्या खोलीतून यावा इतक्या कमी पातळीवर अल्बम लावावा. कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर अधिकच कमी ऐकू येतात, त्यामुळे घुमारा आणि खालचा भराव जवळजवळ नाहीसा होतो आणि मधली रेषा तेवढी उरते. या सांगाड्यावरून रचना ओळखता आली आणि पुढे काय येणार याची उत्सुकता टिकली, तर ती भरीव आहे. काहीच उरले नाही, तर आधी जे प्रभावी वाटले ते ध्वनिमुद्रकाचे कौशल्य होते. तेही कौशल्यच, पण त्याचे श्रेय योग्य माणसाला द्यावे.

लिहायचे असल्यास

परीक्षण लिहिणाऱ्याने ‘सिनेमॅटिक’ हा शब्द वापरायला हरकत नाही, मात्र तो वापरताना संगीत कॅमेऱ्याचे कोणते काम करते आहे हे त्याच वाक्यात सांगावे: ते जवळ नेते, दूर नेते, एका ठिकाणाहून दुसरीकडे झटक्यात उडी मारते, की एका चेहऱ्यावर रेंगाळते. ‘चित्रपटीय’ असा प्रतिशब्द मी वाचला आहे. त्याने काहीच अधिक कळत नाही. आस, भराव, पोत, ठेका, मींड, खर्ज, घुमारा हे आपल्याकडचे शब्द अशा संगीताला चांगले लागू पडतात, आणि सिंथेसायझर, लूप, मिक्स हे शब्द तसेच ठेवलेले बरे. संगीतप्रकारांची यादी देऊ नये. ‘जॅझ, डब, ऑर्केस्ट्रा आणि इलेक्ट्रॉनिकचा संगम’ या वाक्याने वाचकाला केवळ दुकानातली फळी कळते. त्याऐवजी एका रचनेतला एक सांधा घ्यावा, जेथे एक प्रवाह दुसऱ्याला वाट देतो, आणि तो कितव्या मिनिटाला येतो, आधी काय वाजत होते, काय थांबले, काय उरले हे क्रमाने सांगावे. पहिल्या वेळी लक्ष जेथे सुटले होते त्या जागांची टिपणेही येथे कामाला येतात. तेथे आता काय ऐकू येते ते लिहावे, आणि तिसऱ्या वेळीही लक्ष तेथेच सुटले असेल, तर मिनिट-सेकंदासह तेही लिहावे.